बावखलात पाय सोडून

बावखल उपसायला सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत वेळ लागला. दोन पंप लावले होते आणि पाणी पाटातून शेजारच्या पडीक जमिनीत सोडलं होतं. बावखल म्हणजे आमच्या वसईकडच्या वाड्यांतलं तळं. केळीला, फुलझाडांना, पानवेलींना पाणी मिळावं म्हणून जुन्या लोकांनी खणलेलं, खाली जिवंत झरे असलेलं. माझे बाबा ज्या वाडीत पानं खुडायला जातात ती पापडीकडून होळी नावाच्या वस्तीकडे जाताना मध्ये लागते. तिचं बावखल माझ्या आठवणीत कधी कोरडं पडलं नव्हतं. त्या गुरुवारी पहिल्यांदा त्याचा तळ दिसला.

बाबांनी पोलिसांना सांगितलं होतं, की वाडीतली पाण्याची मोटर मी चोरली आणि लपवायला बावखलात टाकली.

काठावर शंभरेक माणसं तरी असतील. पाणी कमी झालं तसे मासे उड्या मारायला लागले आणि गर्दीतले अर्धे लोक मोटर विसरले.

"तो मोठा सुटला बघ, पकड, पकड!"

"मोटर राहू दे रे, कालवणाची सोय झाली."

बाबा काठावरच्या दगडावर बसले होते. शेजारी एक हवालदार उभा होता. बाबांनी लेंगा गुडघ्यापर्यंत वर केला होता आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले होते. पाणी खाली गेलं की ते दगडावरून थोडे पुढे सरकायचे, पाय पुन्हा पाण्याला टेकेपर्यंत.

"बसलाय बघ कसा," माझ्या मागे कुणीतरी म्हणालं. "सासुरवाडीला आल्यासारखा."

"लाज असती तर चोर झाला असता का?"

मी ओढणी तोंडावर ओढून उभी होते. खरं सांगते, मलाही तेच वाटलं. एवढी माणसं जमलीत, आई घरी जेवलेली नाही, आणि हे पाय सोडून काय बसलेत? निदान मान तरी खाली घालायची. मी त्यांच्याकडे गेले नाही. रागाने गेले नाही. ही गोष्ट मी आधीच लिहून टाकते, कारण पुढे मी ज्या लोकांबद्दल लिहिणार आहे, त्यांच्यात त्या दिवशी मीही होते.

चारच्या सुमारास तळाचा चिखल दिसला. निघालं ते असं: एक पितळी कळशी, गणपतीचे जुने पाट, फुटके टब, पाचसहा चपला. मोटर नव्हती.

"कुठे टाकली नीट सांग," हवालदार म्हणाला.

"इथंच साहेब. जरा पुढं असंल."

पुढे चिखलच होता. बाबांना परत गाडीत बसवलं. चढताना त्यांनी दोन्ही हातांनी गाडीचं दार धरलं आणि गुडघ्यांवर वर चढले. तेही मी पाहिलं, आणि मला काही कळलं नाही.

मोटर नाहीशी झाल्याचं पहिल्यांदा बाबांनीच सांगितलं होतं. सोमवारी सकाळी पाणी सोडायला गेले, तर जागेवर नुसता पाइप. ते तसेच धावत वाडीच्या मालकांकडे गेले. मालकांना सगळे काका म्हणतात, बाबा शेठ म्हणतात. काका वाईट माणूस नाहीत. माझी अकरावीची पुस्तकं त्यांच्या मुलीची होती. त्यांनी चौकीवर तक्रार दिली. तिथे त्यांना विचारलं, वाडीत कोण कोण येतं? त्यांनी नावं सांगितली. पहिलं नाव रोज सगळ्यात आधी येणाऱ्याचं, म्हणजे बाबांचं. मंगळवारी दुपारी बाबांना 'जरा चौकशीला' बोलावलं. आई डबा घेऊन गेली तर तिला बाहेरच बसवलं. संध्याकाळी सांगितलं, घरी जा, सोडतील. मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी बावखल उपसलं.

शुक्रवारी काकांच्या बायको डहाणूकडच्या एका लग्नाहून परत आल्या. पाच दिवसांनी. ओट्यावर बसून चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "बावखल का असं झालंय?" काकांनी सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"अहो, मोटर तर जावयांनी नेली. रविवारी. त्यांच्या कॉटेजची जळली ना, पाहुणे यायचे होते. मला सांगून गेले. मी निघायच्या घाईत…"

त्यांच्या जावयांचं कळंबच्या किनाऱ्यावर सुट्टीला येणाऱ्यांसाठी दोन खोल्यांचं कॉटेज आहे. मोटर तिथे चालू होती. पाहुणे आंघोळी करत होते. काकांनी पाच दिवसांत गावातल्या सगळ्यांना विचारलं होतं, पण जावयांना फोन केला नव्हता. जावयाला कसं विचारायचं, की आमची मोटर तुम्ही नेलीत का? आमच्याकडे असं विचारत नाहीत. पानं खुडणाऱ्याला विचारतात.

काका स्वतः चौकीवर गेले. संध्याकाळी बाबांना सोडलं. सोडताना एका कागदावर सही घेतली. बाबांना स्वतःच्या नावापुरती सही येते. कागदात काय होतं ते त्यांना कुणी वाचून दाखवलं नाही. मी असते तर वाचला असता. पुढे मी तो कागद मिळवून वाचला: विचारपूस करून सोडण्यात आले, कोणाबद्दल काही तक्रार नाही.

रिक्षातून उतरून घरापर्यंत वीस पावलं आहेत. बाबा भिंतीला धरून, टाचा उचलून, पायांच्या कडांवर चालत आले. आईने त्यांचे पाय मांडीवर घेतले. तळपाय सुजून गुळगुळीत झाले होते. रेषाच नव्हत्या. वरून पाहिलं तर काही नाही. तोंडावर ओरखडा नाही, हाताला खरचटलेलं नाही. शेजारची मावशी येऊन बघून गेली आणि बाहेर सांगताना मी ऐकलं, "कुठं मारलंय? तोंडावर एक वळ नाय."

आई मिठाच्या कोमट पाण्यात कापड बुडवून शेकत होती. मी समोर बसले आणि विचारलं:

"पण बाबा, तुम्ही चोरली नव्हती ना? मग कबूल का केलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर तीन आठवडे ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. दुसऱ्या वर्षाला आहे. घरात कुठलाही कागद आला की माझ्यासमोर ठेवतात, डॉक्टरची चिठ्ठी, विजेचं बिल, गॅसवाल्याचा मेसेज. सगळ्यांना वाटतं हिला कळतं. आणि मी घरात येऊन पहिला प्रश्न विचारला तो काठावरच्या गर्दीने विचारला असता तोच.

मोटर कळंबला सापडली हे दोन दिवसांत गावभर झालं. मला वाटलं, आता संपलं. बाबा चोर नाहीत हे सगळ्यांना कळलं. पण झालं भलतंच. किराणावाल्याकडे गेले तर तो हसत म्हणाला, "तुझ्या बापाने पण कमाल केली हां. न केलेली चोरी कबूल! लोकांचं बावखल रिकामं केलं." नळावर एक जण म्हणाली, "काहीतरी असंलच गं. आपण नाय केलं तर आपण म्हणू का केलं? जीव गेला तरी नाय म्हणनार."

जीव गेला तरी. किती सहज म्हणतात. मला त्या बाईंना विचारायचं होतं, मावशी, तुमचा कधी गेलाय? पण मी हंडा भरून घरी आले. मला तोंडावर बोलायला जमत नाही. घरी आल्यावर वाक्यं सुचतात.

कॉलेजात मैत्रिणीला सांगितलं. तिचे वडील मुंबईला बँकेत आहेत, विरारला त्यांचा फ्लॅट आहे. चांगली मुलगी आहे, माझ्यासाठी नोट्स काढून ठेवते. ती म्हणाली, "सो सॅड यार. पण बघ ना, पोलीस तरी काय करणार? दोन फटके दिल्याशिवाय कोण खरं बोलतं? तुझ्या बाबांच्या केसमध्ये मिस्टेक झाली, बट जनरली…"

मी म्हटलं, "जनरली काय?"

"अगं, तू पण पिक्चर बघताना टाळ्या वाजवतेस ना."

वाजवल्यात. गेल्याच दिवाळीत. हिरो पोलीस, खुर्चीला बांधलेला माणूस, एक कानाखाली, आणि माणूस सगळा पत्ता सांगतो. थिएटरात शिट्ट्या. मीही हात वर करून. त्या पिक्चरमध्ये खुर्चीतल्या माणसाला पत्ता माहीत असतो. ज्याला माहीतच नाही, तो काय सांगेल? त्याचा सीन मी कधी पाहिलेला नाही. तो आमच्या घरात, माझ्यासमोर, भिंतीकडे तोंड करून झोपला होता.

मी त्या दिवशी मैत्रिणीला एवढंच म्हणाले, "आमची मोटर कशी सापडली माहितीये? एक बाई लग्नाहून आल्या आणि चहा पीत होत्या. त्यांना कुणी हात लावला नव्हता."

मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा मी घरी यायच्या आधी वाक्य बोलले होते.

तीन आठवड्यांनी सूज उतरली, पण पाय पूर्वीचे झाले नाहीत. खडा लागला की बाबा आहे तिथे थांबायचे, डोळे मिटून. आणखीही काही होतं. आमच्याकडचे रिक्षावाले खाकी घालतात. दवाखान्यात जायला मी रिक्षा थांबवली की बाबा म्हणायचे, "ही नको. दुसरी." दुसरीही नको. शेवटी त्याच पायांनी चालत जायचे. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशाने झालं? आई पटकन म्हणाली, "घसरले वो." डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, तळपायांकडे पाहिलं आणि मलम लिहून दिलं. आईला मी बाहेर आल्यावर बोलले. ती म्हणाली, "खरं सांगून बापाला परत पाठवू का तिथं?"

एका दुपारी आई कामावर होती. मी अंगणात बाबांच्या पायाला मलम लावत होते. ते आपणहून बोलले.

"बाय, तू त्या दिशी इचारलं ना, कबूल का केलं."

मी मान वर केली नाही.

"मी कबूल नाय केलं. मी नुसतं थांबा म्हनत होतो. थांबा साहेब, थांबा. ते त्यांना ऐकूच येत नव्हतं. मंग मी मोटर म्हटलं. ते ऐकू आलं. लगेच थांबले."

"पण बावखल का म्हणालात? दुसरं काहीही म्हणायचं."

त्यांनी पाय माझ्या हातातून थोडा मागे घेतला. मग म्हणाले, "पाय जळत होते. डोळ्यांसमोर सारखं बावखलाचं पानी येत होतं. कुठं टाकली, कुठं टाकली इचारत होते, तं तोंडात तेच आलं. वाटलं, तिथं नेतील. नेलं की पाय पान्यात सोडीन."

माझ्या हातातली मलमाची डबी तशीच राहिली. मला तो दगड दिसला, वर केलेला लेंगा दिसला, आणि पाणी खाली जाईल तसे पुढे सरकणारे बाबा. सासुरवाडीला आल्यासारखा. त्यांचं पाणी आम्ही सगळे मिळून उपसत होतो.

"तू आली होतीस ना काठावर?" त्यांनी विचारलं. "मी बघितलं तुला. ओढनी घेतलेली."

मी रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात वगैरे ठेवला नाही. ते म्हणाले, "मलम पुसून घे, हाताला चिकटंल."

त्याच आठवड्यात काका घरी आले. राजेळी केळ्यांचा फणा घेऊन. ओट्यावर बसले, आईने दिलेलं पाणी हातात धरून ठेवलं.

"झालं ते वाईट झालं," ते म्हणाले. "आमच्याकडून चूक झाली. पण आता ते उगाळत बसण्यात अर्थ नाही. तू सोमवारपासून ये. वेलीत जायचं नाही. मांडवात बसायचं, पानांच्या जुड्या बांधायच्या. पगार तोच. पायालाही बरं."

चांगलाच प्रस्ताव होता. आईचा चेहरा उजळला. बाबा म्हणाले, "मांडवात का, शेठ?"

काका चाचरले. "अरे, तुला चप्पल लागणार ना आता."

पानवेलीत चप्पल घालून जात नाहीत. ही रीत जुनी आहे, हिंदू असो की ख्रिस्ती, सगळ्या वाड्यांत पाळतात. चपलेने वेल रुसते, मर रोग लागतो म्हणतात. बाबा तीस वर्षं अनवाणीच गेलेत. आता अनवाणी पाऊल टाकलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. काकांनी हे सगळं विचार करून जागा शोधली होती. पण मांडव रस्त्याला लागून आहे. येणारा-जाणारा बघणार: तो बघा, कबूल करणारा. आणि वेलीतून बाहेर काढलेला माणूस बघितला की लोकांना पुढचं सांगावं लागत नाही.

मी म्हटलं, "काका, बाबा चप्पल घालूनच वेलीत येतील. ज्यांनी पाय असे केले, त्यांची चूक वेलीला कळेल."

काकांना ते लागलं. पण मला गप्प केलं बाबांनी. "चप्पल नाय घालायची वेलीत. वेलीनं काय वाकडं केलं माझं?" मग काकांकडे बघून म्हणाले, "मांडवात बसनार नाय शेठ. येईन तं वेलीत येईन. सोमवारी येतो."

"अरे, पण कसा?"

"येतो."

काका गेल्यावर आई खूप बोलली. तुमचा ताठा, पोरीचं शिक्षण, सगळं काढलं. बाबा केळं सोलून खात होते.

रविवारी त्यांनी माझ्याकडून अर्ज वाचून घेतला. मी तो तीनदा लिहिला होता, पोलिसांच्या वरच्या अधिकाऱ्यांना द्यायला. पहिल्या ओळीत 'अमानुष छळ' होतं, पुढे 'मानवी हक्कांची पायमल्ली' होतं. कॉलेजात शिकलेले शब्द. बाबांनी डोळे मिटून ऐकलं.

"हे कोनाचं लिवलंय?"

"तुमचं."

"मंग हे मोठं मोठं काढ. किती जन होते ते लिही. पट्टा होता ते लिही. कुठं मारलं ते लिही. आनि पान्यात पाय का सोडला ते लिही."

"ते अर्जात कशाला बाबा? ते तर…"

"तेच लिही. लोकांनी तेच बघितलंय."

मी चौथ्यांदा लिहिला. एका पानात बसला. खाली त्यांनी सही केली, नावापुरती, पण या वेळी वर काय आहे ते त्यांना पाठ होतं. अर्ज दिला आहे. पोचपावती माझ्याकडे आहे. उत्तर आलेलं नाही. एक माणूस मात्र घरी येऊन आईला सांगून गेला, की मुलीचं लग्न व्हायचंय, कशाला वाढवताय. आईने त्याला चहा दिला आणि म्हणाली, "पोरीला वाचता येतं. तिच्याशीच बोला." आईकडून मला ही अपेक्षा नव्हती.

सोमवारी सकाळी मी बाबांबरोबर गेले. पहिलं लेक्चर बुडवलं. वाडीच्या तोंडाशी केळीची रांग आहे, वेलींना सावली आणि आडोसा म्हणून लावलेली. बाबांनी चपला कुंपणाशी काढल्या. मग केळीच्या बुंध्याचं सुकलेलं सोपट काढलं. वेली काठ्यांना बांधायला याच सोपटाच्या पट्ट्या वापरतात, त्यामुळे त्यांची बोटं न बघता चालतात. त्यांनी सोपटाच्या चार-पाच घड्या तळपायाखाली घेतल्या, वरून पट्टी गुंडाळली, घोट्याशी गाठ मारली. दुसऱ्या पायालाही. उभे राहिले. एक पाऊल टाकलं, थांबले, दुसरं टाकलं.

पानं खुडणाऱ्या बाया वेलींतून बघत होत्या. अंगठ्याला पत्र्याचं नख लावलेले त्यांचे हात थांबले होते. त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर बाई म्हणाली, "पायांत काय घातलं रे? वेलीत चालनार नाय."

"केळ हाय. चामडं नाय, रबर नाय. केळ काय वेलीला परकी हाय?"

"पन कशाला ती थेरं?"

काका तेव्हा पाटाशी आले होते. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग बाईकडे. इतके दिवस त्यांनी बाहेरच्या कुणालाही एक शब्द सांगितला नव्हता. आता त्यांनी आवाजही चढवला नाही, पाणी कुठल्या ओळीला सोडलंय ते सांगावं तसं सांगितलं:

"तळपायावर पट्ट्यानं मारलं मला. तीन दिवस. मोटर घेतली म्हन, म्हनत होते. म्हटली. बावखलात हाय म्हटलं, कारन पाय जळत होते आनि मला पानी पायजे होतं. तुमी सगळे काठावर होता. मी मजेत बसलो नव्हतो."

वयस्कर बाईने पदर तोंडाला लावला. काका खाली पाटातल्या पाण्याकडे बघत राहिले. मग मोटरीच्या दिशेने गेले. ती परत बसवली होती, चालूही होती. बाबा पहिल्या ओळीत शिरले. त्यांची चाल आता वेगळीच आहे, पाय टाकण्याआधी जमीन विचारून घेतल्यासारखी. पण हात तेच होते. एका सुटलेल्या वेलीला त्यांनी काठीशी धरलं, पट्टी गुंडाळली, गाठ मारली.

सगळं नीट झालं असं मी लिहिणार नाही. किराणावाला अजून हसतो. खाकी रिक्षा अजून सोडून द्याव्या लागतात. सोपट दिवसातून दोनदा बदलावं लागतं, आणि काही जण त्यालाही नाटक म्हणतात. पण आता मला कुणी म्हणालं की न केलेलं कोण कबूल करतं, तर मी घरी येऊन वाक्य शोधत नाही. तिथेच सांगते: माझे बाबा. आणि तुम्हीही कराल. पट्ट्याने खरं बाहेर येत नाही, मारणाऱ्याला हवं ते येतं. आवाज थरथरतो माझा. थरथरू दे.

बावखल झऱ्यांनी पुन्हा भरलं आहे. दुपारच्या सुट्टीत बाबा सोपट सोडून त्याच दगडावर बसतात आणि पाय पाण्यात सोडतात. तो दगड रस्त्यावरून दिसतो. परवा कॉलेज लवकर सुटलं म्हणून मी वाडीत गेले, बूट कुंपणाशी काढले आणि त्यांच्या शेजारी बसले. पाणी थंड होतं. रस्त्यावरून दोघं जण स्कूटरवरून जाताना वेग कमी करून आमच्याकडे बघायला लागले.

"ओढनी घेऊ का म्हनशील आता," बाबा म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "बघू दे त्यांना."